ठिणगी कुठे अडली?

सन १९९१. श्रावण महिना. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका गावी आम्ही मुक्कामाला होतो. रात्रीचे दहा वाजले होते. पाऊस धो धो कोसळत होता. शेजारच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईण आली. तिने हात लावून पाहिले आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. हे माझ्या हातचं न्हाई. दवाखान्यात न्या."

गावात मोटार एकच. जुनी अँबॅसडर. मालकाने ती कुणाकडून तरी स्वस्तात घेतली होती. बाजाराच्या दिवशी माणसे न्यायची, आणायची, असा त्याचा धंदा. त्याने लगेच गाडी काढली. मागे सून, सासू आणि सुईण बसल्या. पुढे मालक, गावातले पेन्शनर हवालदार आणि आम्ही. हवालदारांनी लष्करात पुष्कळ वर्षे गाड्या चालवल्या होत्या.

दोन मैलांवर ओढा आहे. फरशीवरून वीतभर पाणी वाहत होते. मालकाने गाडी पाण्यात घातली. जरा जोरातच घातली. पाणी दोन्ही बाजूंना उडाले. गाडी पार झाली, पण चढाला लागताच धक्के देऊ लागली. दोन आचके दिले आणि बंद पडली.

मालकाने किल्ली फिरवली. इंजिन घर्र घर्र फिरले, पण सुरू झाले नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. घाबरलेला माणूस दुसरे काय करणार? दहा-बारा वेळा त्याने किल्ली फिरवली. शेवटी घरघर मंदावली आणि नुसता 'कट्' असा आवाज आला. बॅटरी बसली.

मागून सासू म्हणाली, "अरे बाबा, कायतरी कर. पोरीचा जीव चाललाय."

गाडीत पेट्रोल होते. इंजिन धडधाकट होते. मग अडले कुठे? ठिणगी अडली होती. ही ठिणगी काय असते, कुठे तयार होते आणि कुठे अडते, ते आधी पाहू. मग त्या रात्री हवालदारांनी काय केले, ते तुम्हाला आपोआप कळेल.

पेट्रोलला काडी कोण लावतो?

चुलीत लाकडे रचली म्हणून चूल पेटत नाही. काडी लावावी लागते. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते. पिस्टन, म्हणजे आतला दट्ट्या, वर येऊन ती दाबतो. जुन्या अँबॅसडरमध्ये ती दाबून सात-आठ पटींनी लहान केली जाते. अशा दाबलेल्या वाफेला नेमक्या वेळी ठिणगी लागली की ती भडकते. तिच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. त्या ढकलण्यानेच गाडी चालते.

तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरला मात्र ठिणगी लागत नाही. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेल इंजिनात नुसती हवा इतकी दाबतात की ती लालभडक निखाऱ्यासारखी तापते. त्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणून ट्रॅक्टरला प्लग नाही. मोटारसायकलला मात्र आहे.

अँबॅसडरला चार सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या झाल्या. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या. सेकंदाला किती? शंभर! हिशेब पाटीवर मांडून पाहा. डोळ्याची पापणी एकदा लवते तेवढ्यात वीस-पंचवीस काड्या ओढून विझवायच्या, असे ते काम आहे.

बारा व्होल्टची ठिणगी का पडत नाही?

गाडीच्या बॅटरीला सहा कप्पे असतात. एकेक कप्पा दोन व्होल्टचा. सगळे मिळून बारा व्होल्ट. एवढ्या कमी दाबाच्या विजेला हवेतून उडी मारता येत नाही. प्लगच्या टोकांमधली फट तांदळाच्या दाण्याहूनही अरुंद असते, तरी बारा व्होल्टला ती ओलांडत नाही. तिथे हजारो व्होल्टचा दाब लागतो. पंधरा-वीस हजारांपर्यंतसुद्धा.

हा दाब कॉईल तयार करते. कॉईल म्हणजे लोट्याएवढा लोखंडी डबा. आत लोखंडी पट्ट्यांचा गाभा असतो. त्याभोवती तारेची दोन गुंडाळी असतात. एक जाड तारेची, काही शे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. बॅटरीची वीज फक्त जाड तारेतून जाते. बारीक तार तिला लागत नाही. मग दाब वाढतो कसा?

तुमच्या विहिरीवर मोटर असेल, तर हे तुम्ही पाहिले असेल. पाइपातून पाणी जोरात चालले आहे. कोणी व्हॉल्व्ह एकदम बंद केला. काय होते? पाइप धाडकन हादरतो. कधी कधी सांधाही उखडतो. वाहते पाणी सावकाश थांबवले तर काही होत नाही. एकदम अडवले तर त्याचा सगळा जोर एका क्षणात उसळतो.

कॉईलमध्ये हेच घडते. जाड तारेतून वीज वाहते, तोवर लोखंडाच्या गाभ्यात चुंबकाची शक्ती साठते. वीज एकदम तोडली की ती शक्ती एका क्षणात ढासळते. त्या धक्क्याने दुसऱ्या, बारीक तारेत विजेचा प्रचंड दाब उसळतो. वेढे जास्त, म्हणून दाबही जास्त. ध्यानात घ्या, ठिणगी वीज जोडल्यावर पडत नाही. वीज तोडल्यावर पडते. नव्या शिकाऊ पोरांना ही गोष्ट लवकर पटत नाही. आम्हालाही पटली नव्हती.

तोडणारा आणि वाटणारा

वीज तोडण्याचे काम पॉइंट करतात. पॉइंट म्हणजे दोन छोट्या टिकल्या. एक बसलेली, दुसरी हलणारी. त्यांच्या शेजारी चार कोपऱ्यांचा एक दांडा फिरतो. कोपरा आला की टिकल्या उघडतात. वीज तुटते. ठिणगी पडते. कोपरा गेला की टिकल्या मिटतात आणि कॉईल पुन्हा भरू लागते.

टिकल्यांच्या शेजारी अंगठ्याएवढी एक डबी असते. तिला कंडेन्सर म्हणतात. दिसायला क्षुल्लक, पण काम मोठे. टिकल्या उघडताना विजेला थांबायचे नसते. ती टिकल्यांमधूनच उडी मारू पाहते. तसे झाले तर टिकल्या जळतात आणि वीज झटकन तुटतही नाही. कंडेन्सर ही वीज क्षणभर आपल्या पोटात घेतो. पाटाचे पाणी फुटू नये म्हणून बाजूला छोटा हौद ठेवावा, तसेच हे. म्हणून टिकल्या वारंवार काळ्या-निळ्या पडत असतील, तर नुसत्या टिकल्या बदलून उपयोग नाही. कंडेन्सर बदला.

आता वीज हजारो व्होल्टची झाली. ती कोणत्या प्लगला द्यायची? ते काम वाटप्याचे. त्याचे खरे नाव डिस्ट्रिब्यूटर. पण पुष्कळ मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. पॉइंट आणि कंडेन्सरही त्याच्याच पोटात असतात. वर काळी टोपी असते. मिस्त्री तिला कॅप म्हणतात. टोपीच्या मधोमध कॉईलची जाड वायर येते. कडेने चार वायरी चार प्लगना जातात. आत मधोमध एक छोटा रोटर फिरतो. जेवणावळीत वाढपी फिरून पानापानावर भाजी वाढतो, तसा तो पाळीपाळीने चौघांना ठिणगी वाढतो.

पण पंगतीत वाढपी ओळीने जातो. इथे तसे नाही. इथला क्रम आहे १-३-४-२. आधी पहिला सिलिंडर, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. एका गावी एका हौशी पोराने चारही वायरी पुसायला म्हणून एकदम काढल्या. लावताना १-२-३-४ अशा ओळीने लावल्या. गाडी सुरू तर झाली नाहीच, पण असे बार काढू लागली की आळीतली कोंबडी झाडावर चढली. वायर काढायची तर एकेक काढा, पुसा, लावा. मगच दुसरीला हात घाला.

झोक्याचा धक्का

ठिणगी नेमकी केव्हा पडावी? पिस्टन अगदी वर पोचल्यावर, असे वाटेल. पण वाफ पेटून पसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पाडतात. पोराला झोका द्यायचा तर धक्का वेळेवर हवा. उशिरा दिला तर तो वाया जातो. फार आधी दिला तर येणारा झोका तुमच्याच हातावर आदळतो. इंजिनाचेही असेच आहे. ठिणगी उशिरा पडली तर जोर कमी, पेट्रोल जास्त, इंजिन तापते. फार आधी पडली तर चढाला टक टक असा आवाज येतो आणि पिस्टनला मार बसतो.

गाडी जोरात असेल तेव्हा ठिणगी अजून आधी लागते. ते कोण सांगणार? डेल्कोच्या तळाशी दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की गोफणीतल्या दगडासारखी ती बाहेर ओढली जातात आणि ठिणगीची वेळ पुढे सरकवतात. ही वजने गंजून अडकली तर गाडी मरगळते. मालक मात्र कार्बोरेटरला दोष देत बसतो.

त्या रात्री

आता ओढ्याकाठी परत येऊ. हवालदार खाली उतरले. म्हणाले, "किल्लीला हात लावू नको आता." त्यांनी बॉनेट उघडले. आम्ही वरून घोंगडी धरली. त्यांनी विजेरीचा उजेड पाडला. डेल्कोच्या टोपीच्या दोन चिमट्या सोडवल्या. टोपी उलटी केली. आत पाण्याचे थेंब!

तुम्हाला आता कारण कळले असेल. हजारो व्होल्टची वीज वाट शोधत असते. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या टोपीवरून घसरून इंजिनाच्या लोखंडात जाणे तिला सोपे. म्हणून प्लगपर्यंत ठिणगी पोचतच नव्हती.

हवालदारांनी सासूबाईंना हाक मारली, "आक्का, बोचक्यात कोरडं धडपं हाय का?" बाळासाठी म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याची मऊ धडपी आणली होती. त्यातले एक मिळाले. हवालदारांनी टोपी आतून-बाहेरून पुसली. रोटर पुसला. कॉईलचे तोंड पुसले. एकेक वायर आणि प्लगची पांढरी चिनी माती पुसली. जिथली वायर तिथेच लावली.

पण बॅटरी बसली होती. मग? अशा जुन्या गाड्यांना हँडल असे. स्टार्टर फिरवायला शंभराहून जास्त अँपिअर वीज लागते. कॉईलला तीन-चार अँपिअर पुरतात. स्टार्टरला पुरत नाही ती बॅटरी ठिणगीला पुरू शकते. हवालदारांनी पुढून हँडल घातले. गाडी न्यूट्रलला आहे ना, हातब्रेक ओढला आहे ना, ते मालकाला विचारून घेतले. किल्ली चालू करायला सांगितली. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडले. सासूने गाडीतच हात जोडले.

पहाटे मुलगी झाली. आई आणि मूल दोघीही सुखरूप होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होते.

हँडल मारण्याबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. हँडलला अंगठ्याची मिठी मारू नका. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे झटका देते. अंगठा अडकला असेल तर मनगटाचे हाड मोडते. या झटक्याने पूर्वी पुष्कळांचे हात मोडले आहेत.

टोपीवरची काळी रेघ

दुसऱ्या दिवशी उजेडात आम्ही ती टोपी नीट पाहिली. आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ होती. ती भेग. तिच्यातून वीज पाझरून कोळशाची वाट तयार झाली होती. मालकाने कपाळावर हात मारला. महिन्याभरापूर्वीच गाडी पावसात अडखळते म्हणून तो एका गॅरेजात गेला होता. तिथे त्याला नवी कॉईल घालून दिली. पैसेही चांगले घेतले. टोपी उघडूनही पाहिली नव्हती. टोपी कॉईलहून पुष्कळ स्वस्त. त्या मालकाचा राग आम्हाला रास्त वाटला.

अशी फसगत टाळायची तर थोडी परीक्षा आपल्याला यायला हवी. गाडी फिरते पण सुरू होत नाही. पेट्रोल आहे. मग टोपीच्या मधली जाड वायर काढा. तिचे टोक कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने धरा. इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवा. कार्बोरेटरपासून दूर! पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडणे म्हणजे आग लावणे. आता दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. निळी, कडाडणारी ठिणगी पडली, तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर ठीक आहेत. दोष पुढे आहे, म्हणजे टोपी, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. ठिणगी पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर दोष मागे आहे. आधी पॉइंट उघडून पाहा. दहातल्या बऱ्याच वेळा तिथेच घोटाळा असतो, असा आमचा अनुभव आहे.

ही वायर उघड्या हाताने धरू नका. झटका मोठा बसतो. हात उडून पंख्यात जाऊ शकतो. ज्याला हृदयाचा आजार आहे, त्याने तर जवळही जाऊ नये. आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका. टिकल्या मिटलेल्या असतील तर कॉईलमधून वीज वाहत राहते. कॉईल तापते, बॅटरी उतरते.

पॉइंटमधली फट अँबॅसडरला इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चौदा ते सोळा भाग ठेवतात. प्लगची फट पंचवीस भाग. ही मोजायला पातळ पट्ट्यांचा गेज मिळतो. प्लगपुरते बोलायचे तर लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याची पाठही साधारण तेवढीच जाड असते. गेज जवळ नसेल तर मिस्त्री तीच घालून पाहतात. प्लग काढलाच आहे तर त्याचा रंगही पाहा. बिस्किटासारखा फिका तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर येते आहे. ते दुखणे प्लग बदलून बरे होत नाही.

डेल्को हा शब्द आला कुठून?

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तिथे चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराने सोबत्यांसह १९०९ साली एक कंपनी काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'डेल्को' होते. बॅटरी, कॉईल आणि पॉइंट यांची ही पद्धत केटरिंगने बसवली. कॅडिलॅक नावाच्या मोटारीच्या १९१२ सालच्या गाड्यांत ही ठिणगी, विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर असे सारे एकत्र आले. म्हणजे हँडल मारायची गरज ज्याने कमी केली, त्याच्याच कंपनीचे नाव आपले मिस्त्री घेतात. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक नाही.

अँबॅसडर बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली ती बंद झाली. आपल्या मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी त्याआधीच थांबली होती. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मात्र २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईत होत्या. त्यांतही असाच डेल्को, असाच १-३-४-२. नव्या पेट्रोल गाड्यांत पॉइंट नाहीत. ठिणगीची वेळ आत बसवलेला छोटा संगणक ठरवतो, आणि बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगला आपापली कॉईल असते. कॉईलचे काम मात्र तेच. वीज भरायची आणि एकदम तोडायची.

त्या गावचा मालक पन्नाशीत लिहायला शिकला होता. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा त्याने बॉनेट उघडून दाखवले. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: १-३-४-२. त्याखाली 'पॉइंट १५, प्लग २५'. आणि त्याखाली 'टोपी नवी', पुढे तारीख. टोपीवर त्याने मोटारीच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून घट्ट बसवले होते. ओढ्याला पाणी असले की तो आता गाडी बैलगाडीच्या चालीने घालतो, असे सासूबाई हसून म्हणाल्या. मुलगी त्यांच्या कडेवर होती.